‘गॅस झालाय’ असं किती दिवस म्हणायचं?
अंडाशयाच्या कॅन्सरबद्दल आपण काय करू शकतो



या अंकासाठी मी कवितेवर लेख देणार होते. संपादक मंडळाला तसं सांगितलंही होतं. पण गेलं दीड वर्ष आमच्या घरात एकच विषय आहे आणि दुसरं काही लिहायला बसले की पेन पुढे सरकत नाही. म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, साहित्याची विद्यार्थिनी आहे. पण या आजारात शब्दांचा फार मोठा भाग आहे असं मला आता वाटतं, म्हणून वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय अगदीच परका ठरणार नाही.

माझी मावशी खानापूर तालुक्यात राहते. वय चौपन्न. घरी शिवणकाम करते, रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गाते. दोन वर्षांपूर्वी ईस्टरनंतर तिचं पोट फुगायला लागलं. ‘काय नाही गं, गॅस झालाय,’ म्हणायची. आधी ओवा आणि जिऱ्याचं पाणी झालं, मग ॲसिडिटीच्या गोळ्या. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. आम्ही तिची चेष्टा केली, ‘मावशी, डाएट करतेस की काय?’ लघवीला सारखं जावं लागायचं म्हणून शुगर तपासली, ती नॉर्मल आली. सगळ्यांना हायसं वाटलं. पावसाळ्यात तिने स्वतःचे ड्रेस कमरेत उसवून सैल केले, नोव्हेंबरमध्ये पुन्हा एकदा केले. चेहरा मात्र उतरत चालला होता. नाताळच्या आठवड्यात सोनोग्राफी झाली तेव्हा पोटात पाणी साठलं होतं. कॅन्सर तिसऱ्या टप्प्यावर होता.

आठ महिने! या आठ महिन्यांत मावशी गप्प बसली नव्हती. ती रोज कुणाला ना कुणाला तरी सांगत होती. आम्हाला ते ऐकता आलं नाही.

‘पिशवी’ म्हणजे नक्की काय?

आपल्या घरातल्या बायका एकमेकींशी बोलताना एकच शब्द वापरतात – पिशवी. ‘तिची पिशवी काढली’, ‘पिशवीचा त्रास आहे’. ही पिशवी म्हणजे गर्भाशय. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात, हे माझ्या आजीला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही दहावीच्या पुस्तकातल्या आकृतीपुरतंच माहीत होतं. डॉक्टर ‘ओव्हरी’ म्हणतात, पुस्तकात ‘अंडाशय’ किंवा ‘बीजकोश’ असतं आणि घरात या अवयवाला नावच नाही. ज्याला नाव नाही त्याची तक्रार करायची कशी?

नाव नसल्यामुळे गैरसमजही होतात. त्यातले तीन मी स्वतः ऐकलेत.

पहिला : ‘माझी पिशवी काढलीय, मला आता भीती नाही.’ गर्भाशय काढताना अंडाशयं दर वेळी काढतातच असं नाही, पुष्कळदा ती ठेवतात. काय काढलं आणि काय ठेवलं, हे ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद एकदा वाचून घ्यावा.

दुसरा : ‘मी पॅप टेस्ट केलीय, सगळं ठीक आलं.’ पॅप टेस्ट गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी असते. अंडाशयाबद्दल ती काहीच सांगत नाही.

तिसरा : ‘मुलीला लस दिली, आता काळजी मिटली.’ एचपीव्हीची लस फार महत्त्वाची आहे, ती जरूर घ्यावी. पण तीसुद्धा मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवते, अंडाशयाच्या नाही.

सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरच्या लोकांसाठी कॅन्सर तपासणीचा कार्यक्रम आहे. त्यात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा असे तीन कॅन्सर येतात. अंडाशयाचा त्यात नाही. म्हणजे शिबिरात जाऊन ‘सगळं नॉर्मल’ ऐकून आलेली बाई मनातल्या मनात चौथ्याही कॅन्सरवर फुली मारून येते.

हा आजार मुका आहे का?

इंग्रजीत या कॅन्सरला कितीतरी वर्षं ‘सायलेंट किलर’ म्हणत आले, म्हणजे आवाज न करता मारणारा. डॉ. बार्बरा गॉफ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १,७२५ रुग्ण स्त्रियांना विचारून पाहिलं की निदान होण्याआधी तुम्हाला काही त्रास होत होता का. २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९५ टक्के बायकांनी ‘हो, होत होता’ असं सांगितलं. त्रास होता, पण तो ‘बायकांच्या आजारा’सारखा दिसत नव्हता. तो पोटाच्या साध्या तक्रारीसारखा दिसत होता.

पुढच्या अभ्यासांतून चार तक्रारी ठळकपणे समोर आल्या :

१. पोट फुगणं, पोटाचा घेर वाढणं
२. ओटीपोटात किंवा पोटात दुखणं
३. थोडं खाल्लं तरी पोट भरणं, जेवण न जाणं
४. लघवीला सारखं किंवा घाईने जावं लागणं

यातलं कारण समजलं की लक्षात ठेवायला सोपं जातं. अंडाशयं ओटीपोटात खोल असतात. तिथे जागा भरपूर, त्यामुळे गाठ वाढली तरी बाहेरून हाताला लागत नाही. हा कॅन्सर पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरतो आणि पोटात पाणी साठायला लागतं. म्हणून पोट फुगतं. जठरावर दाब येतो म्हणून दोन घासांत पोट भरतं. मूत्राशयावर दाब येतो म्हणून लघवीची घाई होते. मावशीच्या तिन्ही तक्रारी एकाच कारणाच्या होत्या. आम्ही मात्र तीन वेगवेगळे आजार समजून तीन वेगवेगळे उपाय करत बसलो.

आता तुम्ही म्हणाल, पोट तर सगळ्यांचंच फुगतं! अगदी बरोबर. लग्नाच्या जेवणानंतर फुगतं, पाळीच्या आधी फुगतं. हे त्रास असणाऱ्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतोच. म्हणून फरक ओळखायच्या तीन खुणा आहेत. त्रास नवीन आहे का, म्हणजे अलीकडच्या काही महिन्यांत सुरू झालाय का? तो पुन्हा पुन्हा होतोय का, म्हणजे महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस? आणि तो नेहमीच्या उपायाने जात नाही का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांकडे जायचं. वय पन्नासच्या पुढे असेल, पाळी गेलेली असेल, तर अजिबात अंगावर काढायचं नाही. तरुण मुलींनाही हा आजार होऊ शकतो, पण वयाबरोबर धोका वाढत जातो.

इथे मला रोझलिंड फ्रँकलिनची आठवण होते. डीएनएच्या रचनेचा शोध ज्या एक्स-रे छायाचित्रांवर उभा राहिला, ती तिच्या प्रयोगशाळेतली. १९५६ साली ती अमेरिकेच्या दौऱ्यावर होती तेव्हा तिच्या लक्षात आलं की स्कर्टची चेन लागत नाहीये, पोट वाढलंय. त्याच वर्षी लंडनमध्ये ऑपरेशन झालं आणि अंडाशयाचा कॅन्सर सापडला. १६ एप्रिल १९५८ला ती गेली, अवघ्या ३७व्या वर्षी. एक शास्त्रज्ञ लंडनची, एक शिवणकाम करणारी खानापूरकडची. दोघींना पहिली खबर कपड्यांनीच दिली होती.

मग सगळ्यांचीच तपासणी का करत नाहीत?

मलाही हाच प्रश्न पडला होता. सीए-१२५ नावाची रक्ताची तपासणी आहे, सोनोग्राफी आहे. गावात शिबिर लावलं, सगळ्यांचं रक्त घेतलं की झालं!

पण तसं होत नाही. ब्रिटनमध्ये हे करून बघितलं गेलं. प्रा. उषा मेनन यांच्या नेतृत्वाखाली दोन लाखांहून जास्त स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. २००१ ते २००५ या काळात त्यांची नोंदणी झाली, त्यातल्या निम्म्या जणींच्या दर वर्षी तपासण्या झाल्या, आणि २०२१ मध्ये शेवटचे निष्कर्ष आले. तपासणी केलेल्या गटातही या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय सीए-१२५ फसवीसुद्धा आहे. सुरुवातीच्या टप्प्यात कितीतरी जणींची ती वाढतच नाही. उलट पाळी चालू असताना, एंडोमेट्रिओसिसमध्ये, पोटाच्या टीबीमध्येही ती वाढते. आपल्याकडे टीबी काही कमी नाही. म्हणजे कॅन्सर नसताना घाबरून ऑपरेशनपर्यंत पोचायचं, आणि असताना निर्धास्त राहायचं, असे दोन्ही धोके.

मात्र जिला त्रास आहे तिच्या बाबतीत याच तपासण्या उपयोगी पडतात. ब्रिटनच्या २०११च्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात की अशा तक्रारी वारंवार असतील, विशेषतः पन्नाशीनंतर, तर सीए-१२५ करावी आणि ती वाढलेली असेल तर सोनोग्राफी करावी. त्यातलीच आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली : पन्नाशीनंतर पहिल्यांदाच ‘आयबीएस’सारखा पोटाचा त्रास सुरू झाला, तर अंडाशयाचा विचार व्हायला हवा, कारण आयबीएस त्या वयात पहिल्यांदा क्वचितच सुरू होतो.

तेव्हा या आजाराची जागृती स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीसारखी करता येत नाही. ‘चला, तपासून घ्या’ असा फलक लावून भागत नाही. इथे बाईने स्वतःची तक्रार ओळखणं, ती मोजणं आणि कुणीतरी ती ऐकून घेणं, एवढाच रस्ता आज आपल्या हातात आहे. आणि हे काम समाजाचं आहे.

ते का करायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या २०२२च्या अंदाजाप्रमाणे भारतात एका वर्षात सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ३३ हजार जणी गेल्या. स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनंतर आपल्या देशातल्या बायकांमध्ये याचा तिसरा नंबर लागतो. अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या तर आजार अंडाशयापुरता असताना सापडलेल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त जणी पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. दूरवर पसरल्यावर सापडला तर हाच आकडा तिसाच्या आसपास येतो. आणि बहुतेक जणींचा उशिराच सापडतो.

आत्याकडेही विचारा

काही घराण्यांत हा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांत बिघाड असेल तर धोका खूप वाढतो. बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या शंभर स्त्रियांपैकी चाळीस किंवा त्याहून जास्त जणींना आयुष्यात कधीतरी अंडाशयाचा कॅन्सर होऊ शकतो. स्तनाच्या कॅन्सरचा धोकाही याच जनुकांमुळे वाढतो. म्हणून घरात स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तीही माहिती डॉक्टरांना द्यायची.

आपल्याला वाटतं बायकांचा आजार आईकडून येतो. पण हा बिघाड वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो. त्यामुळे आजी आणि मावशीइतकीच आत्याही महत्त्वाची. आमच्या घरी विचारायला लागले तेव्हा कळलं की आजीची एक बहीण ‘पोटाच्या आजाराने’ गेली होती. कुठला आजार, ते कुणालाच माहीत नाही. बाई लग्न होऊन गेली की तिच्या आजाराची बातमी माहेरी निम्मीच पोचते. आपल्याकडे घराण्याची वंशावळ असते, चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद असते, पण घरातल्या कुठल्या बाईला काय झालं होतं याची एक वहीसुद्धा नसते. ती आपण करू शकतो. एक पान पुरेल.

आपण काय करू शकतो

दुसऱ्या ठिकाणी लोक काय करतात ते शोधताना एक उपक्रम मला फार आवडला. अमेरिकेत २००२ साली सुरू झालेल्या या उपक्रमात अंडाशयाच्या कॅन्सरमधून गेलेल्या बायका स्वतः वैद्यकीय महाविद्यालयांत जातात आणि उद्याच्या डॉक्टरांना आपली गोष्ट सांगतात : मला काय होत होतं, मी काय बोलले, आणि समोरच्याने काय ऐकलं. आपल्याकडे मनीषा कोइराला यांनीही असंच केलं. २०१२ मध्ये त्यांना हा कॅन्सर झाला, न्यूयॉर्कमध्ये उपचार झाले आणि २०१८ मध्ये त्यांनी ‘हील्ड’ हे पुस्तक लिहिलं. प्रसिद्ध बाई बोलली की बाकीच्यांनाही बोलायचं धाडस येतं.

आम्ही आमच्या पॅरिशमध्ये अगदी लहानशी सुरुवात केली. रविवारच्या मिस्सानंतर फादरनी महिला मंडळाला दहा मिनिटं दिली. मावशी बोलली. घाबरली होती, तरी बोलली. मी पाठीमागे फळ्यावर चार तक्रारी लिहिल्या – मराठीत, कन्नडमध्ये आणि कोकणीत. ‘ब्लोटिंग’ हा शब्द एकदाही वापरला नाही. ‘पोट फुगतंय’ हे सगळ्यांना कळतं.

त्यानंतर चहाच्या वेळी एक बाई हळूच म्हणाली, ‘माझं पण असंच चाललंय, तीन महिने.’ तिला आम्ही कॅलेंडर वापरायला सांगितलं. आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात ‘कालनिर्णय’ असतं. त्यावर दुधाचा हिशोब असतो, गॅस सिलिंडरची तारीख असते. तिथेच त्रास झाला त्या दिवशी पेनने एक टिंब काढायचं. त्या महिन्यात तिची सतरा टिंबं झाली. ते पान घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. सोनोग्राफीत फायब्रॉइडची गाठ निघाली, कॅन्सर नव्हता. तिचा त्रास खरा होता, तो सापडला आणि उपचार सुरू झाले. मला वाटतं, हेही यशच आहे.

आपल्या कॉलेजात, गल्लीत, हळदीकुंकवात, बचत गटात हे सहज करता येईल :

– चार तक्रारी आणि ‘महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस’ हा आकडा प्रत्येकीने घरातल्या दोन बायकांना सांगायचा.

– कॅलेंडरवर टिंब काढायला शिकवायचं. डॉक्टरांसमोर बाई गडबडते, ‘थोडं दुखतं’ एवढंच बोलते. टिंबं मोजता येतात.

– डॉक्टरांना विचारायचं वाक्य पाठ करून ठेवायचं : ‘डॉक्टर, हा त्रास मला आधी नव्हता, आता जवळजवळ रोज होतोय. अंडाशयाची तपासणी करायला हवी का?’

– एकटीला पाठवायचं नाही, कुणीतरी बरोबर जायचं. मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे. घरात गाडी आणि पैसे बहुतेक वेळा पुरुषांकडे असतात. आई ‘काय नाही’ म्हणाली तरी गाडी काढा.

– कॅन्सरचं निदान झालंच, तर ऑपरेशन शक्यतो स्त्रियांच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे व्हावं. पहिल्या ऑपरेशनवर पुढचं बरंच काही अवलंबून असतं.

आणि काही गोष्टी करायच्या नाहीत. घाबरवायचं नाही. फॉरवर्ड आलेले काढे सुचवायचे नाहीत. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांना ‘एकदा सीए-१२५ करून घे’ असा सल्ला द्यायचा नाही. आणि आजारी बाईला ‘आधी का नाही सांगितलंस?’ असं कधीच विचारायचं नाही. मी विचारलं होतं. मावशी म्हणाली, ‘सांगितलं होतं की गं. तू हसलीस.’

८ मे हा जागतिक अंडाशय कॅन्सर दिन असतो, २०१३ पासून तो पाळला जातो. त्या वेळी आपली परीक्षा किंवा सुट्टी असते, कॉलेजात कार्यक्रम होणार नाही. म्हणून मी मंडळाला सुचवलंय की आपण त्या दिवसाची वाट न बघता या सत्रातच तीन भाषांतलं एक पानाचं पत्रक तयार करू. भाषांतर, मजकूर, अक्षर तपासणं ही कामं आपल्याला येतात. मजकूर डॉक्टरांकडून तपासून घेऊच.

मावशीचं ऑपरेशन झालं, केमोथेरपीचे सहा डोस झाले. केस परत आलेत, पूर्वीपेक्षा कुरळे. दर तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं आणि त्या आठवड्यात घरात कुणालाच नीट झोप लागत नाही. क्वायरमध्ये ती परत उभी राहते, मध्येच दम लागला तर बसते. हा लेख लिहू का म्हणून विचारलं तेव्हा म्हणाली, ‘लिही, पण माझं नाव नको घालूस.’ मग थोडा वेळ थांबून म्हणाली, ‘आणि त्या बारा दिवसांचं नीट लिही. ते कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं.’

लिहिलंय, मावशी. आता वाचणाऱ्या प्रत्येकाने आज संध्याकाळी घरी एकदा विचारायचं : ‘आई, तुझं पोट कसं आहे?’ आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबायचं.